रोज चालूनही खुर्चीतून उठताना हात का टेकवावे लागतात? वय, व्यायाम आणि स्नायू यांचा अभ्यास कसा करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिओथेरपीच्या मास्टर्सला असलेल्या एका मुलाला वय, व्यायाम आणि स्नायू यावर प्रोजेक्ट करायचाय, आणि विषय त्याला घरातच सापडलाय. वडील ६८ वर्षांचे, गेली दहा वर्षं रोज तासभर चालतात, बीपी-शुगर ठीक, पण आता खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो. तो विचारतोय की हे वयामुळे की न वापरल्यामुळे, आणि डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी, हाडं आणि बाकीचं वेगळं मोजणारी तपासणी) करून स्नायू किती कमी झालाय ते बघितलं की काम झालं का.

मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, वयस्कर माणसांना मशीनवर बसवून "जोर लावा, अजून, अजून" असं ओरडणं हा माझा पेशा आहे असं घरचे म्हणतात आणि ते फारसं चूक नाहीये. उत्तर लांबेल, बसून वाच.

आधी डेक्साचं. नाही, झालं नाही काम. डेक्सा तुला स्नायू दाखवतच नाही, तो 'लीन मास' दाखवतो, म्हणजे चरबी आणि हाडं वगळून उरलेलं सगळं, त्यात पाणी आलं, स्नायूतलं तंतुमय जाळं आलं, पाय सुजलेले असतील तर ती सूजही आली. आणि समजा स्नायूचं वस्तुमान अगदी बिनचूक मोजता आलं तरी तो स्नायू किती जोर लावतो आणि किती झटकन लावतो हे त्यातून कळत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या हेल्थ एबीसी अभ्यासातून गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सत्तरीतल्या माणसांची पायाची ताकद वर्षाला साधारण ३ टक्क्यांनी घटते आणि पायाचा लीन मास मात्र साधारण १ टक्क्याने, म्हणजे ताकद तिप्पट वेगाने जाते, आणि ज्यांचा मास टिकला किंवा थोडा वाढलासुद्धा त्यांचीही ताकद गेलीच. उलट बाजूनेही हेच दिसलं. बिमाग्रुमॅब नावाचं औषध आहे, स्नायूची वाढ रोखणारा सिग्नल अडवतं, ते सार्कोपेनिया (वयाबरोबर स्नायू झिजणं) असलेल्या १८० वयस्कर लोकांवरच्या चाचणीत २४ आठवडे दिलं तर लीन मास ७ टक्के वाढला पण चालणं-उठणं-तोल यात इतरांपेक्षा काही फरक पडला नाही (व्यायाम आणि पोषणाचा सल्ला दोन्ही गटांना होता, हे लक्षात घे). मांस वाढलं, काम नाही वाढलं.

सार्कोपेनिया हा शब्दच मुळात मांस कमी होणं या अर्थाचा आहे, आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तो सुचवला, आणि शब्द असा बसला की पुढची बरीच वर्षं सगळे वस्तुमानच मोजत बसले. आता निकष बदललेत, ते ठरवणारे युरोपियन आणि आशियाई दोन्ही तज्ज्ञगट आधी ताकद बघा म्हणतात. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषात हाताची पकड पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा जास्त लागले की पुढची तपासणी करा असं आहे, युरोपियन गट हीच रेषा १५ सेकंदांवर आखतो.

आता ताकदीपेक्षाही आधी जाते ती पॉवर, म्हणजे ताकद गुणिले वेग. खुर्चीतून उठायला, अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकायला पॉवर लागते. सावकाश का होईना पण उठता येतंय इथपर्यंत माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे, आणि मग एक दिवस हात टेकवावे लागतात. तुझ्या बाबांचं हेच झालंय असा माझा अंदाज, आणि रोज तासभर चालून हे कसं काय झालं याचं उत्तर मोटर युनिटमध्ये आहे.

एक मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूला हुकूम देणारी मज्जापेशी, आणि तो स्नायूतल्या ज्या तंतूंना चालवतो ते सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. एल्वूड हेनेमन यांनी १९५७ पासून मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की स्नायूला काम सांगितलं की आधी लहान न्यूरॉन जागे होतात, ते हळू, न थकणारे टाइप वन तंतू चालवतात, आणि काम जड झालं किंवा फार झटक्यात करायचं असलं तरच मोठे न्यूरॉन येतात, ते टाइप टू म्हणजे वेगवान तंतू चालवतात. सपाट रस्त्यावर रोजच्या चालीने चालताना मोठ्यांना कोणी उठवतच नाही, तासभर चाला नाहीतर दोन तास. त्यामुळे बाबांचं हृदय, दम, शुगर यासाठी चालणं उत्तम आहे, ते बंद करू नका, पण मांडीतले जे तंतू खुर्चीतून उठवतात ते दहा वर्षं जवळजवळ सुट्टीवर आहेत.

आणि वयाचा मारही नेमका त्यांच्यावरच जास्त पडतो. यान लेक्सेल यांचा १९८८ चा अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा. त्यांनी १५ ते ८३ वयाच्या, आधी धडधाकट असलेल्या ४३ पुरुषांच्या मृत्यूनंतर मांडीचा वास्टस लॅटरॅलिस हा अख्खा स्नायू आडवा कापून तंतू मोजले. सुईने काढलेला तुकडा नाही, अख्खा स्नायू. विशीपासून ऐंशीपर्यंत स्नायूचं क्षेत्रफळ सरासरी ४० टक्के घटलेलं होतं आणि त्याचं मुख्य कारण तंतूंची संख्याच कमी झाली हे होतं, जोडीला टाइप टू तंतू बारीक झाले होते. तंतू का नाहीसे होतात? बरेचसे वरून, मज्जातंतूकडून. टॉमलिन्सन आणि आयर्विंग यांनी १९७७ मध्ये पाठीच्या कण्यातले पायाकडे जाणारे मोटर न्यूरॉन मोजले तर साठीपर्यंत फारशी घट नाही आणि नंतर सरासरी पाव हिस्सा कमी. न्यूरॉन मेला की त्याचे तंतू अनाथ होतात, शेजारचा न्यूरॉन फांदी टाकून त्यातल्या काहींना दत्तक घेतो, जे दत्तक जात नाहीत ते सुकून जातात. म्हणून म्हाताऱ्या स्नायूचा काप मायक्रोस्कोपखाली धरला की बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले तंतू न दिसता एकाच जातीचे पुंजके दिसतात, तरुण आणि वयस्कर असे दोन काप शेजारी ठेवले तर हे नवख्यालाही ओळखता येतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग वयच दोषी. थांब.

१९६६ मध्ये डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे पूर्ण झोपवून ठेवलं होतं आणि त्याआधी-त्यानंतर त्यांची दमाची क्षमता, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजलं. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी परत बोलावलं. तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त केलं होतं! हे हृदयाबद्दलचं जास्त आहे, स्नायूबद्दल कमी, ते मान्य. पण स्नायूचंही काही वेगळं नाही. २००७ मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस झोपवून ठेवलं तर पायातला जवळपास एक किलो लीन मास गेला. दहा दिवसांत. एखाद्या आजीला न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवलं आणि घरी आल्यावर "वय झालं हो आता" म्हटलं जातं तेव्हा मला हे आकडे आठवतात.

तर या सगळ्या संशोधनातली खरी डोकेदुखी हीच आहे की माणूस जसा म्हातारा होतो तसा तो कमी हलतोही, मग तू जे मोजलंस ते वय मोजलंस की बैठेपण? पंचवीस वर्षांच्या कॉलेजच्या मुलांची तुलना पंच्याहत्तरच्या आजोबांशी करून "वयाचा परिणाम" असा पेपर लिहिणारे शेकड्याने आहेत. ती मुलं मैदानावर खेळतात, आजोबा खुर्चीत बसतात, मग फरक कशाचा? आणि उलटा घोळही होतो, जो पंच्याहत्तरचा माणूस स्वतःच्या पायांनी तुझ्या लॅबपर्यंत येतो तो मुळातच निवडक टणक असतो, आजारी-थकलेले येतच नाहीत, त्यामुळे घट कमी दिसते. फ्राँटेरा यांच्या गटाने २००० साली नऊच पुरुषांचा का होईना पण बारा वर्षांनी परत मोजमाप केलेला अभ्यास छापला, सुरुवातीला ते साधारण ६५ चे होते, बारा वर्षांत पायाची ताकद २० ते ३० टक्के घटली होती, वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं एकाच दिवशी मोजून जेवढी घट दिसते त्यापेक्षा जास्त. नऊ माणसं म्हणून हसू नकोस, तीच नऊ माणसं बारा वर्षांनी शोधून परत मशीनवर बसवणं काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही.

वय आणि बैठेपण वेगळं काढायचं तर एक मार्ग म्हणजे आयुष्यभर व्यायाम केलेली माणसं शोधणं. अमेरिकेत बॉल स्टेट विद्यापीठात स्कॉट ट्रॅपी यांच्या गटाने २०१८ मध्ये सत्तरीतले असे लोक तपासले जे पन्नासेक वर्षं नियमित एरोबिक व्यायाम करत होते. त्यांच्या स्नायूतल्या केशवाहिन्या आणि ऑक्सिजन वापरणारी एन्झाइम्स तरुण व्यायामपटूंच्या तोडीची होती, दमाची क्षमता मात्र तरुणांपेक्षा कमी, पण बैठ्या समवयस्कांपेक्षा खूपच वर. म्हणजे काही गोष्टी व्यायामाने जवळजवळ पूर्ण टिकतात, काही अर्ध्यामुर्ध्या टिकतात, आणि न्यूरॉनची संख्या टिकते का यावर अजून वाद चालू आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे थेट एका तंतूपर्यंत खाली उतरणं, आणि हे माझं आवडतं काम असल्यामुळे जरा रेंगाळते. मांडीला लोकल भूल देऊन छोटी चीर घेतात आणि बर्गस्ट्रॉम सुई आत घालतात (यंत्राची मूळ कल्पना १८६० च्या दशकातल्या ड्युशेनची, स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये ती पुन्हा वापरात आणली), दुखत नाही म्हणणार नाही, आतून कोणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवस मांडी ठणकते. हातात येतो तो तांदळाच्या काही दाण्यांएवढा लालसर ऐवज. तो ग्लिसरॉलच्या द्रावणात ठेवला की तंतूंची आवरणं विरतात, मग मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने एकेक तंतू सोलून काढायचा. केसाच्या जाडीचा. पहिले सहा महिने माझे दहातले सात तंतू तुटायचे. तो दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा एका टोकाला जोर मोजणाऱ्या सेन्सरला, दुसऱ्या टोकाला छोट्या मोटरला बांधायचा आणि कॅल्शियमच्या द्रावणात बुडवायचा. बुडवला की स्क्रीनवरची रेघ वर चढते, ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं वजन उचलण्याइतका किंवा त्याहून कमी जोर, पण तो एका माणसाच्या एका तंतूचा जोर असतो, मेंदू नाही, नस नाही, आळस नाही, उत्साह नाही. मग मोटरने ढील देऊन तो किती वेगाने आखडतो ते बघायचं, आणि शेवटी तोच तंतू जेलवर चढवून त्यातला मायोसिन (तंतू आखडवणारं प्रथिन) कोणत्या प्रकारचा ते ठरवायचं. वेगवान तंतूची पॉवर हळू तंतूच्या कित्येक पट निघते, हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा टाइप टू तंतू बारीक होण्याचा अर्थ मला खरा कळला.

म्हातारा तंतू त्याच्या जाडीच्या मानाने दुबळा असतो का? १९९० च्या दशकातले काही अभ्यास हो म्हणाले, नंतरचे बरेच नाही म्हणाले. २०१८ मध्ये संडबर्ग आणि सहकाऱ्यांना वयस्करांच्या वेगवान तंतूंची पॉवर कमी मिळाली पण ती जवळजवळ सगळी तंतू बारीक झाल्यामुळे, जाडीच्या हिशोबाने ठीकच होती. माझा कल यांच्याकडे आहे, पहिल्या अभ्यासांत माणसं किती हलती होती हेच नीट जुळवलेलं नसायचं. फक्त एक गोम आहे, सुईत येतात ते वाचलेलेच तंतू. गेलेले कसे होते ते कोण सांगणार?

म्हणजे दोष राहिलेल्या यंत्रात फारसा नाही, यंत्रं कमी झालीत, वेगवान यंत्रं बारीक झालीत आणि वायरिंग विरळ झालंय. यातलं मधलं परत मिळवता येतं. १९९० मध्ये मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनाचा पायांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी पूर्ण केला, ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ ९ टक्के. या दोन आकड्यांतली दरी बघ, मांस ९ टक्के आणि ताकद जवळपास पावणेतीन पट. काही हिस्सा हालचाल शिकण्याचा, काही मेंदूने जास्त युनिट्स जास्त वेगाने पेटवण्याचा, आणि सुरुवातच इतकी खालून होती की टक्केवारी फुगणारच. बंद केल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्के उतरली, हेही त्याच पेपरात आहे पण ते कोणी सांगत नाही. १९९४ मध्ये त्याच गटाने १०० जणांवर नीट चाचणी केली, व्यायामाने ताकद आणि चालण्याचा वेग वाढला, नुसत्या पोषणाच्या पुरवणीने काही झालं नाही. आणि डेन्मार्कच्या लिसा अभ्यासात निवृत्तीच्या वयाच्या लोकांनी एक वर्ष आठवड्यातून तीनदा जड वजनं उचलली, त्यांची पायाची ताकद चौथ्या वर्षीही टिकून होती, मध्यम व्यायाम करणाऱ्यांची नाही.

सगळ्यांना सारखा फायदा होत नाही हेही ध्यानात ठेव. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात ५८५ तरुणांनी बारा आठवडे एकाच हाताचा तोच व्यायाम केला तर दंडाच्या स्नायूचा आकार कोणाचा किंचित कमी झाला आणि कोणाचा ५९ टक्के वाढला. आणि वयस्करांत औषधंही आडवी येतात, ६५ वरच्यांच्या १४ आठवड्यांच्या एका चाचणीत मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध घेणाऱ्यांचा स्नायू व्यायामाने कमी वाढला. म्हणून कोणी मेटफॉर्मिन सोडायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण तुझ्या फॉर्मवर औषधांचा रकाना हवाच. प्रोटीनचंही असंच, स्नायू-बांधणी पूर्ण वेगाने चालायला तरुणाला एका वेळी वजनाच्या किलोमागे ०.२४ ग्रॅम पुरतं, वयस्कराला ०.४० च्या आसपास लागतं.

आता तुझा प्रोजेक्ट. बायोप्सी विसर, मास्टर्सच्या वेळेत इथिक्स कमिटीच पार होणार नाही. पाच वेळा खुर्चीतून उठायची चाचणी घे पण नुसते सेकंद लिहू नकोस, पॉवर काढ. स्पॅनिश संशोधक हुलियन अल्काझार यांच्या गटाचं २०१८ चं सूत्र आहे: वजनाचा ०.९ हिस्सा गुणिले ९.८१ गुणिले (उंचीचा अर्धा भाग वजा खुर्चीची उंची, मीटरमध्ये), भागिले एका उठण्या-बसण्याचा अर्धा वेळ. ७० किलोचा, १.६५ मीटर उंच माणूस ०.४३ मीटरच्या खुर्चीतून १५ सेकंदांत पाच वेळा उठला तर साधारण १६३ वॅट, म्हणजे किलोमागे २.३. तोच १० सेकंदांत उठला तर २४४ वॅट. खुर्चीची उंची बदलली की सगळं बदलतं, म्हणून सगळ्यांना एकच खुर्ची, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली, माणसाचे हात छातीवर.

डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजणारं मशीन, मिळाला तर सोनं, पण सरावाची दोन सत्रं झाल्याशिवाय पहिला आकडा लिहायचा नाही. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी हे केलं नाही, बारा आठवड्यांनी व्यायाम गटाची ताकद वाढलेली बघून खूश झाले, मग कंट्रोल गटाचा कागद उघडला तर काहीही न करता त्यांचीही वाढलेली, त्यांना फक्त मशीन कळलं होतं. चार महिने पाण्यात. ओरडून प्रोत्साहन द्यायचं तर सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच आवाजात. आणि माणूस खरंच पूर्ण जोर लावतोय का याची शंका असेल तर मर्टन यांची १९५४ ची युक्ती आहे, जोर लावलेला असतानाच नसेला एक शॉक द्यायचा, रेघ अजून वर उडाली तर मेंदूने काहीतरी राखून ठेवलं होतं. आणि हालचाल विचारून नाही, मीटर बांधून आठवडाभर मोज, लोक स्वतःच्या व्यायामाबद्दल फार उदार असतात.

बाबांसाठी, आधी डॉक्टरांकडून गुडघे, थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि चालू औषधं बघून घे, कारण गुडघा दुखत असेल तर मेंदू स्वतःच मांडीचा जोर आवळतो आणि मग स्नायूला उगाच दोष जातो. ते ठीक असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पायांना खरोखर जड वाटेल असं काम, लेग प्रेस असेल तर तो, नसेल तर उंच खुर्चीपासून सुरू करून महिन्या-महिन्याने बैठक खाली आणत उठ-बस, वर येताना शक्य तेवढ्या झटकन आणि खाली जाताना सावकाश. आठ-दहा वेळात थकवा आला पाहिजे, वीस वेळा आरामात होत असेल तर मोठे न्यूरॉन अजून झोपलेलेच आहेत. सुरू करण्याआधी त्यांचे सेकंद आणि खुर्चीची उंची एका कागदावर लिहून ठेव. फक्त तुझ्या सॅम्पलमध्ये त्यांना घालू नकोस, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.